करणे, करविणे आणि करवून घेणे

आपल्या म्हणींची एक मौज अशी की, एक म्हण ज्या वाटेने पाठविते, तिच्या नेमक्या उलट वाटेवर दुसरी उभी असते. ‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ असे ज्या घरात सांगितले जाते, त्याच घरात ‘जेनु काम तेनु थाय, दुजा करे सो गोता खाय’ ही गुजरातेतून आलेली आणि मराठीत कायमची वस्तीला राहिलेली उक्तीही ऐकविली जाते. पहिली म्हणते, आपले काम आपल्या हातांनी करा. दुसरी म्हणते, ज्याचे त्याला करू द्या. कोणाचे ऐकावे, हा प्रश्न घराच्या प्रत्येक कामात उभा राहतो. या महिन्यात तो बांबूच्या जमिनीच्या निमित्ताने मांडावा असे योजिले आहे.

निमित्तही तसेच आहे. २८ मे २०२३ रोजी दिल्लीतील नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथे त्रिपुरातील बांबूची जमीन घातली असल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून घरोघर पोचली. आपल्या परिवारांतील मुले आज इंदूर, भिलाई, रायपूर, बडोदे अशा ठिकाणी घरे बांधीत आहेत. वडीलधाऱ्यांच्या निवृत्तीचा पैसाही बहुधा त्यातच जातो. फरशीऐवजी बांबू घालावा काय, आणि घातला तर फळ्या आणून आपणच बसवाव्यात की कारागीर बोलवावा, अशी विचारणा मग सुरू होते. फळ्यांच्या खोक्यावर छापलेली चित्रे पाहून काम सोपे वाटते. कारागिराची मजुरी ऐकली की ते अधिकच सोपे वाटू लागते.

बालाघाटहून बैहरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या उकव्याला जमिनीच्या पोटात मँगनीज आहे आणि पाठीवर बांबू. तरीही जुन्या घरांत पायाखाली बांबू सहसा नसे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भिंतीत बांबूचा कूड असे, छपराला बांबूचे वासे असत, धान्याला बांबूची कणगी, अंगणाला बांबूच्या तट्ट्याचे कुंपण आणि स्वयंपाकघरात सूप व टोपली असे. जमीन मात्र मातीची; चोपून घट्ट केलेली आणि शेणाने सारवलेली. मोठ्या वाड्यांतून माडीवर लाकडी तक्तपोशी किंवा तुळयांवरच्या किलचनावर घातलेली माती असे. पण तो थाट मोजक्याच घरांचा.

या जुन्या व्यवस्थेत कामाची वाटणी कशी होती, ते पाहावे. सूप, टोपली आणि तट्टा करावयाचा तो बुरुडाने; आमच्या भागात त्याला बसोड म्हणतात. सारवण मात्र घरच्या बाईच्या हातचे. त्या बाईच्या श्रमांची मजुरी कोणी कधी मोजली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्याचे गोडवे गाताना हा हिशेब विसरला जातो. तरीपण या वाटणीत एक शहाणपण दडलेले होते. जे काम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा करावयाचेच आहे, ते घरच्या हाताने करावे. कारण या खेपेचा ओरखडा पुढच्या खेपेत झाकला जातो. जे एकदा केले की वर्षानुवर्षे तसेच राहावयाचे, ते कसबी हाताकडे द्यावे. कारण तेथे चूकही वर्षानुवर्षे राहते. काम अवघड आहे की सोपे, हा प्रश्न दुय्यम होता. चुकले तर परत करता येईल काय, हा मुख्य प्रश्न होता. बांबूच्या जमिनीचा निवाडा याच कसोटीवर करावा, असे मला वाटते.

त्यासाठी ही फळी म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. बांबू हे झाड नव्हे, तृण आहे. कोंब जमिनीतून वर येतो तो आपली जाडी ठरवूनच येतो; पुढे उंची वाढते, घेर वाढत नाही. काठी पक्की होण्यास तीन-चार वर्षे लागतात. त्याआधी तोडलेला बांबू दिसतो चांगला, पण वाळताना आक्रसतो आणि किडीला लवकर बळी पडतो. बांबूच्या पोटात पिष्ट पदार्थ असतो आणि घुणाला तोच हवा असतो. म्हणून पावसाळा सरल्यावर, वद्य पक्षात बांबू तोडावा आणि काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवावा, असा जुना परिपाठ होता. पंधरवड्याविषयी कोणी वाद घालावा. पाण्यात ठेवण्यामागचे कारण मात्र स्पष्ट आहे. त्याने पिष्टाचा अंश निघून जातो.

कारखान्यातील रीत याच तत्त्वावर उभी आहे. बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या काढतात. बाहेरची गुळगुळीत साल आणि आतला मऊ थर रंधून टाकतात, कारण सालीवर सरस धरत नाही. मग पट्ट्या टाकणखार व बोरिक आम्लासारख्या द्रव्यांत उकळतात, वाळवितात, सरस लावून उष्णतेत दाबतात आणि त्यांची फळी करतात. पट्ट्या वाफेच्या दाबाखाली तापविल्या तर त्यांना मधासारखा तपकिरी रंग येतो. दिसावयास तो सुंदर, पण त्या तापण्याने फळी थोडी मऊ पडते. दुसऱ्या एका प्रकारात बांबूचे तंतू पिंजून, राळेत भिजवून प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. ही फळी पुष्कळ सागवानी फळ्यांपेक्षाही कठीण असते आणि तिच्यावर साधी करवत लवकर बोथट होते. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असते. जीभ खाचेत बसली की जोड मिळतो.

इतके सोपस्कार झाले तरी बांबूचा मूळ स्वभाव जात नाही. हवेत ओल आली की फळी रुंदीत फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. लांबीत हा फरक नगण्य. रुंदीत मात्र दहा-पंधरा फळ्यांचा केसाकेसाचा फरक एकत्र झाला की भिंतीपाशी तो बोटभर होतो. आपल्या मध्य भारताची हवा तर दोन टोकांची. वैशाखात ओठ फुटतात आणि श्रावणात पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते. जी फळी समशीतोष्ण देशातील खोलीत वर्षभर शहाण्यासारखी राहते, तिची आमच्याकडे वर्षातून दोनदा परीक्षा होते.

बालाघाट शहरातील एका परिचित गृहस्थांच्या घरी ही परीक्षा जवळून पाहावयास मिळाली. निवृत्तीनंतर त्यांनी बैठकीच्या खोलीत बांबूची जमीन करविली. बाहेरगावच्या एका दुकानाची माणसे आली आणि ऐन वैशाखात, दीड दिवसात काम उरकून गेली. भिंतीला फळी अशी चिकटवून बसविली होती की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. येणारा जाणारा त्या सफाईचे कौतुक करी. श्रावण लागला आणि खोलीच्या मध्यभागी जमीन वर उचलली गेली; चालताना ती पायाखाली दबे आणि पुन्हा वर येई. दार अडू लागले. दुकानाला निरोप गेले. प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्याचे आश्वासन आले. अखेर गल्लीतल्याच एका सुताराला बोलावले. त्याने यापूर्वी बांबूची जमीन पाहिलीही नव्हती. पण लाकूड कसे वागते, ते तो जाणत होता. त्याने भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी काढली, चारही बाजूंनी फळीची कड अर्धा इंच कापून मोकळी केली आणि वर वजन ठेवले. काही आठवड्यांत जमीन बहुतांशी बसली. दोन फळ्यांचे जोड तुटले होते. त्या माळ्यावर ठेवलेल्या उरलेल्या खोक्यातून बदलल्या.

ही हकिकत ऐकून कोणी म्हणेल, ‘पाहा, कारागिरापेक्षा आपणच केलेले बरे!’ पण हा निष्कर्ष घाईचा होईल. बिघडविणारेही मजुरीने आलेले होते आणि सुधारणाराही मजुरीनेच आला होता. भेद होता तो ज्ञानाचा. आणखी एक भेद असा की, सुधारणारा त्याच गल्लीत राहत होता. श्रावणात त्याला पुन्हा तोंड दाखवावयाचे होते.

आता कसोटीनुसार कामाची वाटणी करू. या कामाचे दोन भाग आहेत. एक फळीच्या खालचा आणि दुसरा फळीचा.

खालचा भाग म्हणजे काँक्रीटची किंवा फरशीची बैठक. ती कोरडी आणि सपाट हवी. नव्या काँक्रीटला वाळावयास काही महिने द्यावे लागतात. वरून कोरडे दिसले तरी पोटात पाणी असते. ओल पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि पूर्ण एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतून दव दिसले किंवा जमीन काळवंडलेली आढळली, तर तेथे बांबू घालू नये. ही परीक्षा खोलीच्या तीन-चार जागी, विशेषतः न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीजवळ घ्यावी आणि शक्य तर पावसाळ्यातही घ्यावी. सपाटीसाठी दहा फुटांची सरळ पट्टी फिरवावी. तिच्याखाली तीन ते पाच मिलिमीटरांहून अधिक पोकळी कोठे दिसली तर ती भरून काढली पाहिजे. परीक्षा घेणे हे घरच्या माणसाचे काम आहे. ते कोणाही दक्ष विद्यार्थ्याला जमेल. बैठक दुरुस्त करणे, ओल रोखणे आणि उंचसखलपणा काढणे हे मात्र जाणत्या गवंड्याचेच काम. वर फळी बसली की हा भाग कायमचा झाकला जातो आणि त्यातील चूक फळी उखडल्यावाचून दिसत नाही.

फळीचा भाग निराळा आहे. सरसाने न चिकटवता, पातळ अस्तरावर नुसत्या एकमेकींत अडकवून घातलेल्या फळ्या, लहान चौकोनी खोली, सपाट व कोरडी बैठक आणि हाताशी दोन-तीन मोकळे दिवस असे जुळून आले, तर घरच्या माणसांनी हे काम अवश्य करावे. फळी चुकली तर काढून पुन्हा बसविता येते. त्यासाठी काही नियम मात्र कसोशीने पाळावेत. फळ्यांची खोकी ज्या खोलीत बसवावयाची तेथेच निदान तीन दिवस उघडून ठेवावीत. पिंजलेल्या तंतूंच्या कठीण फळीला याहून कितीतरी अधिक काळ लागतो. भर वैशाख आणि भर श्रावण टाळावा. दिवाळीनंतरची हवा मध्यम असते. खोलीचा कोपरा काटकोनात आहे की नाही, ते गवंडी पाहतात तसे पाहावे: एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोन खरा. चारही भिंतींशी दहा ते बारा मिलिमीटर मोकळी जागा सोडावी; त्यासाठी तेवढ्या जाडीच्या पाचरी लावून काम करावे आणि शेवटी त्या काढाव्यात. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. लगतच्या ओळींतील सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत, वीतभर तरी पुढे-मागे असावेत. तीन-चार खोक्यांतील फळ्या मिसळून घ्याव्यात, म्हणजे रंगाचे पट्टे पडत नाहीत. कापताना तोंडावर फडके असावे. शेकडा पाच ते दहा फळ्या अधिक आणाव्यात आणि उरलेल्या जपून ठेवाव्यात.

उलट, खोली मोठी असेल, भिंती वाकड्या असतील, फळ्या सरसाने चिकटवावयाच्या असतील, जिन्याच्या पायऱ्या असतील किंवा तळमजल्याला ओल असेल, तर हौसेला आवर घालावा. सरस लावून बसलेली फळी पुन्हा सबंध निघत नाही. अशा वेळी वाचविलेल्या मजुरीची तुलना फळ्यांच्या किमतीशी करून पाहावी, म्हणजे हिशेब आपोआप कळतो. न्हाणीघरात तर बांबू कोणीच घालू नये, घरच्यानेही नाही आणि बाहेरच्यानेही नाही.

येथे थोडे व्याकरण आठवते. शिक्षकाची ही सवय वाचक समजून घेतील. ‘करणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘करविणे’. स्वतः केले तर करणे, दुसऱ्याकडून झाले तर करविणे. पण ‘जमीन घालणे’ याला हाच प्रयोग लावू गेले तर ‘जमीन घालविणे’ होते, आणि मराठीत घालविणे म्हणजे गमावणे! भाषेने केलेल्या या थट्टेत तथ्य आहे. काम दुसऱ्यावर सोपवून आपण बाजूला झालो, तर ते करविणे बहुधा घालविणेच ठरते. म्हणून मराठीने तिसरे रूप ठेवले आहे: ‘करवून घेणे’. करवून घेणारा माणूस हातात करवत धरत नाही. पण करवत कोठे चालावी, हे त्याला कळते. तो मजुरी ठरविण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. ओलीची परीक्षा केली काय? भिंतीशी किती फट सोडणार? खोकी केव्हा उघडणार? पावसाळ्यात जमीन उचलली गेली तर येऊन दुरुस्त कोण करील? या चारांची उत्तरे तो कागदावर घेतो आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मजुरीचा अखेरचा हप्ता हाती ठेवतो. आमच्यासारख्या आडगावी हे विशेष निकडीचे आहे. कारण अशा कामांची माणसे नागपूर, गोंदिया किंवा जबलपूरहून बोलवावी लागतात आणि एकदा गाडीत बसली की पुन्हा येणे त्यांना परवडत नाही.

हे करवून घेण्याचे ज्ञान आपल्या सुशिक्षित घरांतून उणावले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. वर्धा आणि बालाघाट तेव्हा एकाच मध्यप्रांतात होते. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. त्या कल्पनेचे काय झाले, हे शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाने सांगावयास नको. कर्णवर्गाचा सिद्धान्त पाठ असलेला मुलगा घराचा कोपरा दोरीने तपासू शकत नाही, आणि ज्या गवंड्याला तो तपासता येतो त्याला सिद्धान्ताचे नाव ठाऊक नसते. हाताने करण्याला आपण कमी लेखले, आणि त्यामुळे हाताने केलेले पारखण्याची दृष्टीही गमावली. ज्या घरातील मुलाने एका लहान खोलीत चार फळ्या बसवून पाहिल्या, तो पुढे आपल्या दिवाणखान्याचे काम दुसऱ्याकडून चोख करवून घेईल आणि मजुरी देताना घासाघीसही करणार नाही. काम किती कष्टाचे आहे, हे त्याच्या गुडघ्यांनी त्याला सांगितलेले असेल.

आणखी एका माणसाचा विचार केल्यावाचून हा विषय संपविता येत नाही, आणि तो म्हणजे आमचा बसोड. ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या बांबूचे मर्म आहे, त्याचा या नव्या जमिनीशी कसलाच संबंध उरलेला नाही. फळी कारखान्यात होते, बसविणारा शहरातून येतो. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना झाडांत केली होती. वनक्षेत्राबाहेर उगवलेल्या बांबूची त्यातून सुटका झाली ती २०१७ साली. त्यापूर्वी २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले आणि २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र आणि कोकणात कुडाळचे ‘कॉनबॅक’ यांनी कारागिराला नवी अवजारे व नवे नमुने मिळाले तर काय घडू शकते, हे दाखविले आहे. आमच्या गावातील कारागिरापाशी हाताचे कसब आहे. उणीव आहे ती यंत्राची, वाळवणाच्या भट्टीची आणि गिऱ्हाइकाची.

पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातच्या नाहीत, तिसरी आहे. ज्यांना बांबूची हौस आहे पण ओलीची भीती वाटते, त्यांच्यासाठी एक जुनाच मार्ग सुचवितो. आहे त्या फरशीवर बसोडाकडून विणून घेतलेली बांबूची मोठी चटई अंथरावी. बांबू पक्का आहे काय, पाण्यात ठेवला होता काय, हे त्याला विचारावे; असे विचारणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटते. श्रावणात ती गुंडाळून माळ्यावर ठेवता येते, आश्विनात उन्हात घालता येते, कोठे उसवली तर तोच कारागीर येऊन दोन कांबी बदलून देतो. दाम सांगेल ते एकदा न कुरकुरता द्यावे. फळ्यांचा बेत कायम असेल, तर येत्या पावसाळ्यात प्रथम तो प्लास्टिकचा तुकडा तेवढा जमिनीवर चिकटवून ठेवावा. खोकी मागविण्यास दिवाळीनंतर पुष्कळ वेळ आहे.